दैत्य मेल्यानंतरच्या ओव्या

रिठदच्या मारुतीच्या देवळात पोथी एकट्याने सांगायची नाही, अशी रीत होती. एकाने वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. वाचणाऱ्याने पदरचा शब्द घालायचा नाही आणि अर्थ सांगणाऱ्याने पोथीला हात लावायचा नाही. मी लहान होते तेव्हा वाचायला शालिग्राम होते आणि अर्थाला माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पुंजाजी.

मोठे बाबा साधे शेतकरी. दिवसभर शेतात डवरा धरायचा, बैलं सोडली की हातपाय धुऊन देवळात यायचं. आवाज बसका, अंगावर मातीचा वास. पण ओवी संपली की ते मांडीवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि पोथी आमच्या गावात यायची. नदी आली की ती पैनगंगा. राजाचा वाडा आला की ती तहसील. देवाच्या गायी चुकल्या की पहिल्यांदा कोंडवाड्यात पाहा, असं ते सांगायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही त्यांच्यात बसलेली असे.

गावच्या वरच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली माणसं पायरीवर बसून ऐकायची. त्यांना वर या असं कोणी म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्यात धनसिंग रोजचा. उंच, अबोल, लग्न व्हायचं होतं. त्याची आई भुरीबाई गवताचे भारे विकायची, तिला सगळं गाव ओळखत होतं.

चातुर्मासात नरसिंहाचा अध्याय आला की देऊळ भरायचं. त्या दिवशीची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं असं मला वाटतं. देवाने दैत्याला मांडीवर घेऊन फाडलं की शंख वाजायचा, जयजयकार व्हायचा आणि लगेच गूळ-फुटाणे वाटायला घेत. पोथीत त्याच्यापुढेही ओव्या आहेत. शालिग्राम त्या भराभर वाचून टाकायचे. अध्याय अर्धा ठेवायचा नाही म्हणून वाचायचे, इतकंच. ऐकायला कोणी नसे, पोरंबाळं प्रसादाला उठलेली. त्या ओव्यांचा अर्थ मोठ्या बाबांनी कधी सांगितला नव्हता, त्यांच्या वडिलांनीही सांगितला नव्हता.

ते एकोणीसशे तीसचं साल. राखीव रानातलं गवत कापून सरकारचा कायदा मोडायचा, अशी चळवळ वऱ्हाडात पेटली होती. गावोगावी माणसं ईळे घेऊन निघत, पोलीस धरून नेत. रिठदचं कोणी उघड गेलं नव्हतं. पण रात्री जेवताना बोलणं तेच.

अशात नरसिंहाचा अध्याय आला. मोठे बाबा त्या दिवशी रंगले होते. म्हणाले, दैत्य राजा झाला आणि म्हणाला पाणी माझं, वारा माझा, रानातली काडी माझी. काडी म्हटल्याबरोबर माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खांबाची गोष्ट आली. दैत्याने खांबाला लाथ मारली आणि देव बाहेर आला. मग मोठे बाबा जे बोलले ते मला आजही पाठ आहे.

"खांब म्हंजे दुसरा कोनी नाई. खांब म्हंजे आपुन. लाथ थो मारते. किती खाची, थे खांबानं ठरवाचं."

जुना अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. दैत्य म्हणजे मनातला अहंकार आणि खांब म्हणजे काळीज. त्या दिवशी तो अर्थ कोणी मागितला नाही.

शेवटी शंका विचारायची रीत होती. पायरीवरून धनसिंगने विचारलं, देवाने कुऱ्हाड का नाही घेतली. मोठ्या बाबांनी समजावलं की दैत्याला वर होता. हत्याराने मरण नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. म्हणून देवाने तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसून नखांनी मारलं.

आमचे पाटील दौलतराव मोठे टोमणे मारणारे. ते म्हणाले, "मंग धनसिंग, तुह्यं तं सोपं झालं. तू रोजच ना आत बसतं, ना बाहेर."

सगळे हसले. धनसिंगही हसला. शंख वाजला, फुटाणे आले आणि तो ओंजळ घेऊन तांड्यावर निघून गेला. शालिग्राम मागे राहिलेल्या ओव्या वाचत होते.

भादव्यात जंगलखात्याचा नाकेदार गोपीचंद याने भुरीबाईला रानात धरलं. तो मानोऱ्याकडचा, गरीब घरचा, नोकरी जाईल म्हणून भ्यालेला. वरून हुकूम होता की काडी जाता कामा नये. त्याने तिचा ईळा घेतला आणि भाऱ्याला लाथ मारली. भारा सुटला, तिच्याही बरगडीला लागलं. ती घरी येऊन लेकाला फक्त एवढंच म्हणाली की लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला धनसिंग नाक्यावर गेला. कुऱ्हाड अंगणात ठेवली, कमरेचा ईळा तिच्याशेजारी ठेवला. गोपीचंद आत दिवा लावत होता. त्याला ओढत दारापर्यंत आणलं आणि उंबरठ्यावर बसून हातांनी मारलं. कसं मारलं ते मी लिहीत नाही. पाहून आलेले आमचे लोक तीन दिवस जेवले नव्हते. धनसिंग पळाला नाही, तिथेच बसला होता.

फौजदाराला एक गोष्ट कळेना. धार लावलेली कुऱ्हाड अंगणात असताना याने हातांनी का मारलं? तो ज्याला त्याला विचारत होता. अख्ख्या गावाला उत्तर माहीत होतं. कोणी बोललं नाही.

मोठे बाबा त्या दिवसापासून जेवताना भिंतीकडे तोंड करून बसू लागले. रुख्मिणीबाई, माझी मोठी आई, त्यांना समजावायची की तुम्ही पोथी सांगितली, पाप नाही केलं.

मग एक दिवस भुरीबाई आली. अंगणातच बसली. मोठ्या आईने पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, "वकील म्हनते, फाशी होते. कोनी शिकवलं असन तं काळं पानी होते. जीव राह्यते. पुंजाजी भाऊ, थे बोल तुह्ये होते. तुह्ये हायेत म्हन."

मोठे बाबा म्हणाले, "म्हनतो, बाई."

असं म्हटलं तर राजद्रोहात धरतील, हे मोठ्या आईलाही कळत होतं. भुरीबाई मग पाणी प्यायली.

ही गोष्ट सांजेपर्यंत गावात पसरली. दौलतराव आले, शालिग्राम आले. दौलतरावांनी सांगितलं की तुझं एकट्याचंच नाव येणार नाही, देवळात बसलेल्या साऱ्यांना ओढतील, पोथीही जप्त होईल. शालिग्राम हात जोडून म्हणाले की जुना अर्थच सांग, तो काही खोटा नाही. मोठे बाबा ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "जुना अर्थ खरा हाये. पन मी थो सांगतला नाई."

जिल्ह्याच्या कोर्टात खटला चालला. आमचे वडील सोबत गेले होते, त्यांनी पुढे कितीदा तरी सांगितलं, म्हणून मला माहीत. मोठे बाबा उभे राहिले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. काडीचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, उंबरठ्याचं सांगितलं. जज्जसाहेबाने विचारलं, हे पोथीत लिहिलं आहे का. मोठे बाबा म्हणाले, अर्थ पोथीत नसतो.

मग शालिग्रामांना पोथी घेऊन उभं केलं. त्यांनी अध्याय वाचला. त्यात काडीही नव्हती आणि खांब म्हणजे आपण असंही नव्हतं. साहेबाने विचारलं, पुंजाजीने काय अर्थ सांगितला होता. शालिग्राम पोथीवर हात ठेवून म्हणाले की दैत्य म्हणजे अहंकार. पाठोपाठ दौलतरावांनी तेच सांगितलं. तिसऱ्यानेही तेच. ज्यांनी काडी ऐकताना माना डोलावल्या होत्या ते सगळे ‘अहंकार’ एवढंच सांगून खाली उतरले. मोठ्या बाबांना वाचवायचं म्हणूनच बोलले, हे खरं आहे. स्वतःलाही वाचवत होते, तेही खरं.

शेवटी साहेबाने धनसिंगलाच विचारलं, या म्हाताऱ्याने तुला शिकवलं का?

धनसिंगने मोठ्या बाबांकडे पाहिलं. म्हणाला, "पोथी आमाले कायची समजते, साहेब. मी फुटान्यासाठी बसत होतो."

थोड्या वेळाने कोणी न विचारताच पुन्हा बोलला. "मरताना त्यानं मायले हाक मारली. मंग मले समजलं का थो दैत्य नोता. पन तवरोक झालं होतं."

साहेबाने लिहिलं की म्हातारा दयेपोटी खोटं बोलतो आहे. मोठ्या बाबांना घरी जा म्हणून सांगितलं. धनसिंगला फाशी झाली.

भुरीबाईने मोठ्या बाबांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मोठी आई म्हणायची. शालिग्रामांशीही मोठे बाबा भांडले नाहीत. तुझ्यामुळे मी घरी आलो, एवढंच त्यांना म्हणाले, आणि ते ऐकून शालिग्राम खाली मान घालून निघून गेले.

पुढच्या चातुर्मासात मोठे बाबा अर्थाला बसणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं होतं. ते बसले. पण गावातली नदी गेली, तहसील गेली. जुना अर्थ सांगायचे, कोरडा. लोक कमी येऊ लागले. मला तर वाटायचं की हे उठून घरी का येत नाहीत.

नरसिंहाचा अध्याय आला. त्या दिवशी भुरीबाई पायरीवर येऊन बसली, जिथे तिचा लेक बसायचा तिथे. देवळात कुजबुज झाली. शालिग्राम वाचू लागले. दैत्य मेला. शंख वाजवणाऱ्याने शंख उचलला, पण तोंडाला लावायचं त्याला धैर्य झालं नाही. फुटाण्यांची परात तशीच. शालिग्रामांनी सवयीने पुढच्या ओव्या भराभर वाचायला घेतल्या.

मोठे बाबा म्हणाले, "हळू वाच."

शालिग्रामांनी एकेक ओवी वाचली. आम्ही बऱ्याच जणांनी त्या पहिल्यांदा ऐकल्या. दैत्य मेला तरी देवाचा राग उतरत नव्हता. रक्ताने माखलेला तो उंबरठ्यावर गुरगुरत होता. सगळे देव लांब उभे होते, लक्ष्मीलाही जवळ जायची भीती वाटत होती. शेवटी मेलेल्याचं लेकरू पुढे गेलं आणि त्याने देवाच्या पायावर डोकं ठेवलं.

अर्थाची वेळ आली. मोठे बाबा डोळे मिटून बसले ते बसलेच. लोक चुळबुळ करू लागले. पायरीवरून भुरीबाई म्हणाली, "सांग ना भाऊ. माह्या लेकानं एवढंच नाई आयकलं."

तेव्हा ते बोलले. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

"मारनं देवाले सोपं गेलं. मारल्यावर कसं थांबाचं, थे त्याले बी समजत नोतं. थे त्याले मेलेल्याच्या लेकरानं शिकवलं. हे मी सांगाले पायजे होतं. आदी फुटाने वाटले."

कोणी जय म्हटलं नाही. भुरीबाई उठली आणि चालू लागली. परातीकडे तिने पाहिलं नाही.

मोठे बाबा बेचाळीस सालापर्यंत जगले. त्या वर्षी गावातले तरुण त्यांच्याकडे आले, नरसिंहाचा अध्याय पहिल्यासारखा सांगा म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं नाही. काडीचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. सरकारला ते कधीच भ्याले नव्हते. फक्त दैत्य मेल्यावर शंखाला हात लावू दिला नाही, आणि शेवटची ओवी होईपर्यंत कोणाला उठू दिलं नाही.

गोपीचंदची बायको पंचफुला मानोऱ्याला राहते, असं त्यांना कळलं होतं. दोनदा ते अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि परत आले. तिला कोणत्या तोंडाने अर्थ सांगू, असं मोठ्या आईला म्हणाले होते. तिसऱ्यांदा जायचं राहिलं.