साडूंचे सात दिवसांचे शिखर

माझ्या साडूंइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा राग दर एकोणीस दिवसांनी येऊन राहिला. या खेपेला दोन दिस आधीच आला." हिंगोलीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर संख्याशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यावर संगणकावर एक सॉफ्टवेअर बसवून घेतले. रोज लिहिलेले कसलेही आकडे त्यात घाला, ते किती दिवसांनी पुन्हा तसेच वरखाली होतात हे शोधून ते आलेखात उंच शिखर काढते. मग या गृहस्थांनी काय सोडले असेल? एसटीचा उशीर, हळदीचा भाव, बायकोचा अबोला, सगळे त्यात घातले. माझ्या वडिलांच्या तेराव्याला भर पंगतीत त्यांनी आईकडे वडिलांच्या रक्तदाबाची वही मागितली. मी पानावरून उठलो. आईने वही दिली, हे आणखी वाईट.

साखरा गावातल्या माझ्या विहिरीचे पाणी रोज दोरीने मोजायचे कामही त्यांनी माझ्याच गळ्यात घातले. नऊ वर्षे रोज सकाळी सातला आकड्यासाठी फोन. मी इमानाने मोजत होतो. फक्त सेनगावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी पहिली जीप गाठायची असे, म्हणून आदल्या दिवशीचाच आकडा ठोकून देई. त्याने कुणाचे काय बिघडणार होते?

बिघडले ते असे, की सॉफ्टवेअरने बरोबर सात दिवसांवर शिखर काढले. साडू हरखले. जमिनीखालचे पाणी आठवड्याच्या तालावर चालते असा निबंध त्यांनी लिहिला, पुण्याच्या एका परिषदेने तो वाचायला बोलावले, यांनी कोट शिवायला टाकला. उभ्या नोकरीत त्यांना असे बोलावणे एकदाही आले नव्हते. मी आठवडाभर स्वतःवरच चडफडत राहिलो आणि ते निघायच्या आदल्या दिवशी हिंगोलीला जाऊन सगळे सांगून टाकले.

वाटले, आता तरी चिडतील. त्यांनी बाजाराचे दिवस वगळून आकडे पुन्हा चालवले. शिखर नाहीसे झाले.

"सॉफ्टवेअर बराबर हाय," ते म्हणाले. "त्यानं तुमाला धरलं. मलाच समजलं न्हाई."

निबंध त्यांनी मागे घेतला. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो. फोन रोज येतो. आता मी बाजाराच्या दिवशीही विहिरीवर जातो, जीप सुटली तरी. पण त्या दिवशी ते तब्येत विचारतात, पेरणी विचारतात, पाण्याचे विचारत नाहीत. मागच्या बाजाराला मीच आपणहून आकडा सांगितला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साडूभाऊ. तुमी बाजाराला जाऊन या."