डॉक्टरांना काही सापडलं नाही: लोणंद ते सांगली, मुक्काम कुंडल

"अंग सतत दुखत असताना प्रवास कसा करता?" असं वाचक मला विचारतात. उत्तर म्हणून पंचाहत्तर सालचा, तीन दिवसांचा एक प्रवास सांगते. लोणंदहून सातारा, तिथून कुंडल आणि सांगली. फिरायला गेलो नव्हतो.

मी तेव्हा लोणंदला प्राथमिक शाळेत शिकवत होते. दोन वर्षं मान, खांदे, कंबर दुखत होती, आणि सकाळी उठताना रात्रभर दळण दळल्यासारखी थकलेली असायचे. गावातल्या डॉक्टरांची टॉनिकं झाली, इंजेक्शनं झाली. हे सैन्यात, दूर उत्तरेला. मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं त्यांनी पत्रातून कळवलं. साताऱ्यात एक आणि सांगलीत एक, असे दोन डॉक्टर ठरले. सासूबाईंनी अट घातली.

"दाखवा की. पर काय न्हाई निघालं तर शाळा सोडायची. घरातलं काम व्हत न्हाई, आन् शाळेत उभं ऱ्हायला जमतंय व्हय?"

त्यामुळे काहीतरी आजार निघू दे, अशी इच्छा मनात धरून मी घर सोडलं. बरोबर मामंजी, म्हणजे माझे सासरे. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, कमी बोलणारे.

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळच्या एसटीत मागच्या चाकावरची जागा मिळाली आणि साल्प्याच्या घाटातला प्रत्येक खड्डा मानेपर्यंत पोचला. आजही सांगते, पुढची जागा नसेल तर ती गाडी सोडा, नंतरची पकडा. साताऱ्यात स्टँडवरून दवाखान्यापर्यंत पायी गेलो. शहर सगळं चढउताराचं. केसपेपरची रांग, रक्ताची रांग, एक्स-रेची रांग. एक वाजता डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. काही झालेलं नाही."

मामंजींचा चेहरा खुलला. माझा उतरला असणार. परत स्टँडकडे येताना मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"ऊठ. लोक बघत्यात."

"बघू द्या मामंजी. पाय उचलत नाही."

ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. रागाने, की लोकांच्या नजरेआड मला धरायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अर्धा तास गेला.

कराडला गाडी बदलून कुंडलला पोचलो तेव्हा थोडं ऊन शिल्लक होतं. मामंजींच्या बहिणीची, तानूआत्यांची वस्ती गावाबाहेर मैल-दीड मैलावर. वाट उसातून. मामंजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि चालायला लागले. दहा मिनिटांनी बांधापाशी थांबले.

"बस."

"मी अजून दमले नाही."

"म्हणून तर बस. पलटणीत पन्नास मिन्टं चालायचो, धा मिन्टं थांबायचो. दमल्यावर बसला त्यो गडी लवकर उठत न्हाई. दुपारी बघितलं की मी."

तसे तीनदा बसलो. वस्तीवर पोचल्यावर मी हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसून तानूआत्यांशी बोलले. संध्याकाळी माझ्यात बोलायचं त्राण उरलं, असं दोन वर्षांत ते पहिल्यांदाच.

दुसरा दिवस काहीच न करण्याचा. हा दिवस प्रवासात मुद्दाम ठेवावा. तानूआत्यांनी सकाळीच विचारलं, "दिवस गेल्यात काय गं?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि त्यांनी मला शेकोटीजवळ नेऊन बसवलं. गरम हुरडा, लसणाची चटणी, घट्ट दही. त्या बाजूला जायचं तर हुरड्याच्या दिवसांतच जा.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सांगली. तिथल्या डॉक्टरांनी मान, कोपर, गुडघे दाबून पाहिले. खांद्यावर बोट ठेवलं तेव्हा मी ओरडले. त्यांनी हात धुतले आणि मामंजींकडे बघून म्हणाले, "नवरा लांब असतो, त्यात नोकरी. मनाला लावून घेतात. शाळा सोडू द्या, घरात रमतील."

"आन् आत्ता वरडली ती?"

"काही बायका हळव्या असतात."

मामंजींनी टेबलावरचे कागद उचलले आणि बाहेर पडले.

परतीला आगगाडी घेतली. हादरे कमी आणि पाय पसरता येतात. मी बाकावर आडवी झाले. मधल्या कुठल्याशा स्टेशनावर एक माणूस चढला आणि सरकायला सांगू लागला.

"सून आजारी हाय," मामंजी म्हणाले.

"काय झालंय?"

"ठावं न्हाई. पर आजारी हाय."

मी जागी होते. डोळे उघडले नाहीत.

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय निघालं?"

"दोन्ही डाक्टरास्नी काय घावलं न्हाई," मामंजी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहाणा काढत होते. मामंजी पुढे म्हणाले, "शाळा सोडायची न्हाई तिनं. उद्यापास्नं पाणी मी आणतो. भाकरी थापता थापता ती घटकाभर पडली, तर कुणी बोलायचं न्हाई."

सासूबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हवालदार घागर घेऊन नळावर जातो म्हणून गल्ली हसली. ते जात राहिले.

मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. वर्गात खुर्ची ठेवली, एक तास उभ्याने, एक बसून. तरी काही वर्षं वाईट गेली. बिनपगारी रजा झाल्या, घरची दोन लग्नं मी आतल्या खोलीत पडून ऐकली. दुखणं गेलं नाही. आजही हा मजकूर तीन बैठकांत लिहिला आहे.

त्या प्रवासानंतर तीसेक वर्षांनी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. रक्तात किंवा एक्स-रेत तो दिसत नाही. मामंजी तोवर गेले होते. सासूबाई ऐंशीच्या पुढे, खाटेवर. मी त्यांच्याजवळ बसून ते नाव सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.

"येवढं मोठं नाव हाय?" त्या म्हणाल्या. "मग तुला खरंच दुखत व्हतं म्हणायचं."

"व्हय," मी म्हटलं.