चोथ्यातली भांग

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी मला सेमिनारसाठी भांगेच्या झाडातली द्रव्यं हा विषय दिला. मुलांना साबण, खतं, उसाची मळी असे सभ्य विषय मिळाले आणि मला भांग. नको म्हणायचं मनात होतं. पण कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे माझं मराठी अडखळत निघायचं आणि ते निघेपर्यंत सर पुढच्या नावाकडे वळले होते.

संगमनेरला मी मामांकडे राहायचे. विषय कळल्यापासून मामा आल्यागेल्याला सांगत सुटले, "आमची भाची यंदा गांज्यात पास व्हनार हाय!" ऊस वाहणारे गाडीवान हसायचे, दूध घालायला येणारी बाई पदर तोंडाला लावायची. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचे.

"त्यात शिकायचं काय? भांग म्हंजे भांग," मामा म्हणायचे.

तसं नाही, एवढंच मला सांगायचं होतं. त्या एका झाडात एकाच घराण्यातली कितीतरी द्रव्यं असतात. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलने नशा येते. कॅनाबिडिऑल त्याचं सख्खं भावंड, पण त्याने नशा येत नाही. पाला जुना झाला की पहिल्यातून कॅनाबिनॉल नावाचं तिसरं तयार होतं, त्याची नशा अगदी थोडी. आणि ताज्या पाल्यात नशेचं द्रव्य जवळजवळ नसतंच. त्याचं आम्ल असतं, ते चांगलं तापवलं की मग नशेचं होतं. यातलं काहीच पाण्यात धड विरघळत नाही, तुपातेलात विरघळतं. मामा दुसऱ्या वाक्यालाच "व्हय, व्हय" करत चपला शोधायला लागायचे.

सेमिनारपेक्षा मोठी काळजी वेगळीच होती. मला एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. वडील कोपरगावला साखर कारखान्याच्या ऑफिसात होते आणि 'बी.एस्सी. पुष्कळ झालं' असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आईचा मला पाठिंबा होता, पण तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. बांगलादेशची लढाई संपल्यानंतरच्या त्या शिवरात्रीला वडील संगमनेरला येणार होते. मामा त्यांच्याजवळ माझ्या पुण्याचा विषय काढणार होते. म्हणजे माझं पुणं मामांच्या हातात होतं.

मामा दर शिवरात्रीला भांग घ्यायचे. गोठ्यामागच्या झाडाचा ताजा पाला बडीशेप आणि मिऱ्यांबरोबर पाट्यावर वाटायचा, फडक्यातून गार पाण्यात गाळायचा. दूध चालायचं नाही. दूध घातलं की ते बायकांचं सरबत होतं, असं त्यांचं मत. पेला रिकामा केला की ओसरीवर झुलत महादेवाची गाणी. कच्चा पाला आणि गार पाणी! माझ्या पुस्तकाप्रमाणे मामांना काहीही चढायला नको होतं.

त्याही शिवरात्रीला फडक्यात चोथा उरला. मामींनी आयुष्यात चोथा टाकलेला नव्हता. नारळाचा भाजीत जायचा, चहाचा गुलाबाला. मी हळूच म्हटलं, "मामी, हा टाकून द्या ना."

"का गं? सगळा कस तर पान्यात गेला."

"पाण्यात काहीच गेलेलं नाही. सगळं यातच आहे."

"मग तुझा मामा काय पानी पिऊन गातोय?"

तोवर कढईत तूप पडलं होतं. त्यात त्यांनी चोथा खमंग वास सुटेपर्यंत परतला, कवठाचा गर आणि गूळ घालून वड्या थापल्या. उपासाच्या पाहुण्यासाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी.

वडील सुपारीसुद्धा खात नसत. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले, तोवर त्यांच्या हातात दुसरी वडी होती.

"अप्पा, ती नका खाऊ."

"मोठ्यांच्या ताटात बघू नये," वडील म्हणाले आणि तिसरी घेतली.

तास-दीड तासाने वडील गोठ्यातल्या म्हशीकडे बघून हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. मामांनी संधी साधली. "दाजी, पोरीला पुन्याला धाडा."

"धाडा! एम.एस्सी. काय, डॉक्टर करा! म्हशीलाही धाडा!"

"दिला शब्द!" मामा ओरडले. पण थोड्याच वेळात वडिलांनी छाती धरली. आपलं काळीज बंद पडतंय, असं म्हणत ते माझा हात सोडेनात. मामींनी उतारा म्हणून चिंचेचं पाणी पाजलं. मी शेजारी बसून राहिले आणि ते झोपले.

सकाळी वडील चहा घेत बसले होते. मामा म्हणाले, "शब्द दिलाय बरं का, दाजी."

"मी?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण उद्या कोपरगावला गेल्यावर त्यांनी तो शब्द वडीच्या खात्यात टाकला असता. "तो धरू नका, अप्पा," मी म्हटलं. मामांनी कपाळावर हात मारला.

"मला झालं काय होतं? काळीज तपासून घेऊ?" वडिलांचा आवाज खाली आला होता. "आणि याने पेलाभर पिऊन याला कसं काही झालं नाही?"

मग मी बोलले. कच्च्या पाल्यातलं आम्ल, कढईतली आच, पाणी काय सोडतं आणि तूप काय धरतं, सगळी भावंडं एकेक करून. शब्द अडले तिथे मामींची कढईच उचलून आणली. वडील मध्ये उठले नाहीत. उलट विचारलं, "मग वड्या वर्षभर ठेवल्या असत्या तर?" सबंध घरात तो पहिला शहाणा प्रश्न होता.

"मग मला इतकी वर्सं जे चढत हुतं, ते काय?" मामा चिडून म्हणाले.

"नाटक!" आतून मामींचा आवाज आला.

वडिलांनी कप खाली ठेवला. "हे सगळं बी.एस्सी.ला शिकवतात?"

"नाही. मी वाचलं. शिकवतात पुढे."

त्यांनी कढई एकदा उलटसुलट करून पाहिली. मग नेहमीच्या, ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "पुण्यात मुलींचं वसतिगृह कुठे आहे?"

"आवं, हेच तर काल म्हनत हुतो!" मामा म्हणाले.