तेहतीस अनारसे आणि एक हार्ड डिस्क

अख्ख्या कोथरुडात आमच्या सासूबाईंनी आतून पाहिलेली नाही अशी एकही वस्तू शिल्लक नाही, आणि असलीच तर ती तिच्या मालकाने कुलपात ठेवलेली असणार. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं विजेचे मीटर जोडले. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी येऊन त्यांनी शाल कपाटात ठेवली, नारळ देवापुढे ठेवला आणि घड्याळ उघडलं. "आतलं यंत्र बरंय, वरचा डबा भिकार आहे," हा शेरा. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगार, पत्रिका, गोत्र यांतलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. "तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे," एवढं म्हणाल्या आणि हात पुढे केला. कांदेपोहे संपेपर्यंत माझं घड्याळ टेबलावर सुटं होऊन पडलं होतं, आणि ते परत जोडून होईपर्यंत मला उठता येईना. त्या अर्ध्या तासात मुलगी मला आवडली, तेव्हा आमचं लग्न तांत्रिक कारणाने जमलं असं म्हणायला हरकत नाही. लग्नातही मंगलाष्टकांच्या ऐन तोंडावर माइकने मान टाकली. भटजी खाकरताहेत, मामा अंतरपाट धरून अवघडलेत, आणि वधूची आई कुठे म्हणून बघावं तर शालूचा पदर खोचून स्टेजमागे ओणव्या! पर्समध्ये कुंकवाच्या करंड्याला लागून टेस्टर असायचाच.

त्यांची कामाची रीतही बघण्यासारखी. आधी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं अंथरायचं, त्यावर वस्तूचा आकार पेन्सिलीने काढायचा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात त्याच्या त्याच्या जागी टिकली लावून चिकटवायचा. लांब स्क्रूला मोठी लाल टिकली, आखूडला बारीक मरून, आणि ज्याचा भरवसा नाही त्याला चमकीची. कारागीर पुरुषांच्या हातून स्क्रू हरवतात ते केवळ त्यांच्याकडे टिकल्या नसतात म्हणून, हे त्यांचं ठाम मत. दुसरं मत असं, की उघडणं कुणालाही येतं, बंद करणं शिकावं लागतं. माझी बायको खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी लॅपटॉपचं पोट कधी पाहिलेलं नाही हे कळल्यावर सासूबाईंना मनापासून वाईट वाटलं. "म्हणजे स्वयंपाकघरात न जाता स्वयंपाक," म्हणाल्या. सोसायटीतली माणसं मिक्सर, इस्त्र्या, नातवंडांची खेळणी घेऊन दारात उभी राहायची, आणि प्रत्येकाला आधी "पाडलंत ना?" असं विचारून, तो कबूल झाल्यावरच त्या वस्तू आत घ्यायच्या.

पण गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काळजीचं कारण नाही म्हणाले, वय झालं म्हणाले. मग एकदा इस्त्री उघडताना स्क्रूड्रायव्हर घसरून अंगठ्यात गेला, तीन टाके पडले, आणि माझ्या बायकोने आईची हत्यारांची पिशवी उचलून सरळ आमच्या घरी आणली. आता काही उघडायचं नाही, असं बजावून आली. सासूबाईंनी वाद घातला नाही, हेच मला आवडलं नाही. दारात येणाऱ्यांना त्या "मी सोडलं ते" असं सांगायला लागल्या, आणि दोन महिन्यांत इतक्या म्हाताऱ्या झाल्या की मला बघवेना.

आणि यंदा अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला जेवायला बोलवायचं, ताम्हणात तेहतीस अनारसे आणि तेवता दिवा ठेवून वाण द्यायचं. वाणात काय द्यायचं ते सासूने ठरवायचं, आणि त्याला नाही म्हणायची सोय कुणालाच नाही. माझ्या बरोबरीच्या जावयांना चांदीची निरांजनं मिळाली, एका भाग्यवंताला अंगठी मिळाली. माझ्यापुढे आलेल्या ताम्हणात अनारशांच्या शेजारी एक टीबीची हार्ड डिस्क होती, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. हळदकुंकू तिच्या खोक्याला वाहिलेलं. "वस्तूला लावलं तर काँटॅक्ट जातील," म्हणाल्या. मी इमारतींचे नकाशे काढतो आणि माझ्या लॅपटॉपमधली जागा वर्षभरापूर्वीच संपली होती. एक नकाशा ठेवायचा तर दुसरा पुसायचा, अशी माझी ओढाताण चाललेली, आणि हे मी कधीतरी त्यांच्याकडे जेवताना बोलून गेलो होतो. आता एकेक गोष्ट उलगडायला लागली. येताना लॅपटॉप आणा, विष्णुसहस्रनाम लावायचंय, हा निरोप. दिवस म्हणून निवडलेला शनिवार, तोही बायकोला ऑफिसात जावंच लागणार होतं तो. आणि दिव्याच्या आडोशाला ठेवलेला नवाकोरा बारीक स्क्रूड्रायव्हर. तो डिस्कबरोबर फुकट आला, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण माझ्याकडे न बघता.

शहाण्या जावयाने तिथल्या तिथे बायकोला फोन केला असता. मी फोन काढलाही. तेव्हा त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"एकदाच बघू द्या," म्हणाल्या. "हात चालतो की नाही ते मला कळू दे. नाही जमलं तर पिशवी तुमच्याकडेच राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी फोन खिशात टाकला आणि पाटावर नारायण होऊन बसलो.

मग काय विचारता! नवी डिस्क एका छोट्या डबीत घालून वायरने लॅपटॉपला जोडली आणि जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवायला घेतलं. पडद्यावर टक्के सरकायला लागले तशा सासूबाईंच्या अंगात दहा वर्षांपूर्वीच्या सासूबाई आल्या. पुरण वाटता वाटता बाहेर येऊन "एकोणीस" म्हणून जायच्या, धोंडे उकडायला ठेवून "बेचाळीस" म्हणून जायच्या. साठाला त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. काकूंना काय बघायचं ते कळलं नाही, पण त्यांनी हात जोडले. नव्याण्णवला गाडी अडली तेव्हा सासूबाईंनी गॅस बंद केला, मला हलायचं नाही अशी ताकीद दिली आणि स्वतःही पदराचं टोक धरून उभ्या राहिल्या. शंभर झाल्यावर माझ्या हातावर साखर ठेवली. एवढं कौतुक माझं दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं.

जेवणं झाली, कॅलेंडरचं पान अंथरलं, टिकल्यांची पाकिटं आली. धूळ उडू नये म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. मी मोबाइलचा उजेड धरून घामाने निथळतोय आणि त्या मनगट टेबलाला टेकवून एकेक स्क्रू काढताहेत. हात थरथरत होताच. दहा स्क्रूंना पाऊण तास लागला, पण दहाही निघाले, दहाही टिकलीखाली गेले. झाकण निघालं. आतला पसारा बघून त्या हसल्या; माहेरच्या माणसांना बघून हसावं तशा. बॅटरीची वायर सोडवली, जुनी डिस्क उपसली, नवी तिरकी घालून खाली दाबली. आता तिला धरून ठेवणारा एकच स्क्रू लावायचा राहिला होता, खसखशीच्या चार दाण्यांएवढा. तो त्यांनी बोटांत धरला, हात एकदा जोरात थरथरला, आणि स्क्रू उडाला तो थेट ताम्हणात. वाण बसवून होईपर्यंत ताम्हण जागचं हलवायचं नाही, हा दंडक त्यांचाच. अनारशांना खसखस लावायला त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. आणि मी नेमका त्याच क्षणी ताम्हणातला पाचवा अनारसा तोंडात घातलेला!

"गिळू नका," सासूबाई म्हणाल्या.

मी तोंड भरून, डोळे मोठे करून तसाच बसलो. त्यांनी फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. उरलेल्या अठ्ठावीस अनारशांवरून ते एकेक करून फिरवलं, ताम्हणात सांडलेल्या खसखशीवरून फिरवलं. काही लागेना तशी त्यांची नजर माझ्या गालाकडे वळली आणि चुंबक माझ्या गालावरून फिरलं. साक्षात नारायणाची ही अवस्था. शेवटी स्क्रू सापडला तो दिव्याच्या बुडाशी, तुपात रुतून बसलेला. मी गिळलं.

त्यांनी तो स्पिरिटने पुसला आणि पुन्हा लावायला घेतला. निसटला. चुंबकाने उचलला, पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो लावायचा प्रयत्नच केला नाही. स्क्रू कॅलेंडरवर ठेवला, त्याला चमकीची टिकली लावली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मला लावू का म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की सगळं संपणार, हे मला कळत होतं, म्हणून मी नुसताच उजेड धरून उभा राहिलो.

तेवढ्यात दार वाजलं. ऑफिसचं काम लवकर आटोपून बायको आली होती. तिने उघड्या पोटाचा लॅपटॉप पाहिला, टिकल्या पाहिल्या, माझ्या गालाला लागलेली खसखस पाहिली, आणि मग आईच्या मांडीवरचे हात पाहिले. मी शिव्या खायची तयारी केली. ती आत जाऊन हात धुऊन आली, खुर्ची आईच्या मागे ओढली आणि आईचं कोपर दोन्ही हातांनी आपल्या कुशीशी घट्ट धरलं.

"लाव," म्हणाली.

थरथर थांबली नाही, पण निम्मी झाली. टोक खाचेत गेलं, निसटलं, परत गेलं, आणि सासूबाईंनी मनगट वळवलं. एक आटा, दुसरा, मग अर्धा. "बसला," त्या म्हणाल्या. झाकण लागलं, दहाही टिकल्या सुटल्या, आणि लॅपटॉप जो पटकन सुरू झाला तो बघून आम्ही तिघंही ओरडलो. रिकाम्या जागेचा आकडा सासूबाईंनी तीनदा वाचायला लावला. बायकोने डोळे पुसताना मला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं होतं.

संध्याकाळी निघताना ती म्हणाली, "आई, पिशवी उद्या आणून देते."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "कोपर कुणी धरलं होतं ते मला कळतं गं. राहू दे तुझ्याकडेच. जावयाची ही डिस्क भरली, की पुढच्या अधिक महिन्यात दोन टीबीची देईन. तेव्हा दोघी मिळून बसवू."

पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. माझ्या कामाच्या वेगाने ही डिस्क भरायला दहा वर्षं लागतील, आणि दहा वर्षांचा हिशेब मला त्या वयाच्या हाताबाबत करवत नाही. म्हणून हल्ली मी काही म्हणजे काही पुसत नाही. नाकारलेले नकाशे ठेवतो, एकेका नकाशाच्या सात प्रती ठेवतो, सोसायटीच्या सभेचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित करून ठेवतो. परवा सहज पाहिलं तर नव्याने तीनशे जीबी भरले होते. मी मोजून पाहिलं, माझे जेमतेम दीडशे निघाले. बाकीचे बायकोने भरले होते.