मघाचं पाणी, देवनारचं आभाळ

मघा नक्षत्राचा पाऊस म्हणजे औषध, असं आमच्या कोकणात मानतात. झाडाला, छपराला न शिवलेलं पाणी कळशीत धरायचं, वर्षभर जपायचं आणि डोळ्यांत घालायचं. कोकणात ठीक आहे हो. आमची आई हे देवनारच्या गच्चीवर करते. समोर कचऱ्याचा डोंगर धुमसतोय आणि ही बया तांब्याची कळशी मांडून आभाळाला हात जोडतेय. यंदा तर कहरच झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्याला साधं पाणीही लागू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हिला त्याच डोळ्यात मघा घालायची होती.

मुंबईत पावसालाही पिनकोड असतो. जुलैत समुद्राकडून सलग कोसळतो तेव्हा पाणी निदान पाण्यासारखं दिसतं. पण आठवडाभर उघडीप पडली की पुढची सर वर साठलेला सगळा धूर आणि धूळ घेऊनच उतरते. गच्चीत चादरी वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सांताक्रूझच्या मावशीकडे पाऊस खारट लागतो, आमच्याकडे त्याला जळक्या प्लास्टिकचा वास येतो.

यंदा मघा कोरड्याच चालल्या होत्या, शेवटच्या दिवशी एकदाच्या बरसल्या. मी कळशीतलं पाणी पांढऱ्या रुमालातून गाळून दाखवलं. रुमालाची पार वाट लागली. आई म्हणाली, आता गाळलंस ना, मग झालं की. कपाळ माझं! मी चिडले, नको नको ते बोलले. तिचं आपलं एकच.

"आभाळातसून पडलेला पाणी घाण कसा असतला गो?"

शेवटी मीच तोड काढली. म्हटलं, गावी मामाला फोन लाव, तिथलं मागव, डोळा बरा झाला की मग काय ते बघू. तिने लगेच लावला, स्पीकरवर. पलीकडून मामा म्हणाला,

"अगो, हयसर ती केमिकलची कंपनी इल्यापासून आमी मघाचा पाणी धरणव नाय. तूच मुंबैचा धाड."

माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. आग लागो त्या खरेपणाला. आईने फोन ठेवला, कळशी उचलली आणि खिडकीतल्या तुळशीत ओतायला गेली. ओतता ओतता थांबली, मागे वळली आणि सगळं पाणी मोरीत सोडून दिलं. मग खाटेवर आडवी झाली आणि दुखरा डोळा छताकडे उघडा धरून म्हणाली,

"घाल गो ते डॉक्टराचे थेंब."