अक्काचा हात

लांब पल्ल्याची शर्यत पायांनी धावतात, असं सांगणारे बहुतेक वेळा खुर्चीत बसलेले असतात. अर्ध्या वाटेपर्यंत पाय धावतात, हे खरं. पुढं आपलंच डोकं आपल्यावर उलटतं. बस कर, त्या बाभळीखाली टेक, तुला कोण विचारतंय? मी त्याला शिव्या घालत जवळा बाजारहून कुरुंद्याकडं धावत होते.

पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या आणि वयाच्या अटीत बसायचं माझं हे शेवटचं वर्ष होतं. घरात माझ्या बाजूनं एकटी अक्का, माझी मोठी बहीण. बाकीच्यांना हे पोरीचं खूळ वाटायचं. रोज पहाटे अक्का सायकल घेऊन माझ्या मागं यायची, मग हळदीच्या कामावर जायची.

ऊन सकाळीच डोक्यावर आलं. ओठांवर मीठ, मांड्या घासून सोलपटलेल्या, अंगठ्याचं नख बुटात सुटलेलं. मग घाम थांबला आणि थंडी वाजू लागली. हे लक्षण वाईट, मला माहीत होतं. भीती वाटली, अगदी मरणाची. पण मी तिसरी होते आणि मागची अजून बरीच लांब होती.

शेवटची कमान दिसली आणि गुडघे गेले. डांबरानं तळहात भाजले. तरी मी उठत होते. एक पाय रोवलाही होता. तेवढ्यात हळद पॉलिश करायच्या ड्रमवरून हात न धुताच आलेली अक्का गर्दीतून धावली. आमच्याकडं उन्हात कुणी पडलं की आधी उचलायचं, विचारायचं नंतर. तिनं मला काखेत धरून उभं केलं.

"ऊठ माय, म्या हाय ना!"

"सोड, अक्का," मी म्हणायला गेले, पण आवाजच निघाला नाही. तिनं मला चार पावलं चालवलं आणि मग सोडलं.

रेषेवर मी तिसरीच पोचले. पंच बाईंनी माझा शर्ट बघितला. काखेखाली हळदीची पिवळी बोटं उमटली होती.

"कुणी धरलं होतं का तुला?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या जागी चौथीला घेतलं. कुणाचा आधार घेतला की बाद, हा नियमच होता; त्यांचं काही चुकलं नव्हतं.

लिंबाच्या सावलीत अक्का पदरानं मला वारा घालत होती. तिचा मला इतका राग आला होता की तो पदर ओढून फेकावासा वाटला. ती मात्र कामावरच्या बायकांना सांगून राहिली होती, "तिसरी आली आमची! म्या नसते तर तिथंच पडली असती. काय गं, खरं का न्हाई?"

मी "व्हय" म्हणाले.

लाऊडस्पीकर खरखरला. अक्कानं वारा घालायचं थांबवलं आणि बायकांवर डोळे वटारले.

"गप बसा गं समद्या. आमच्या पोरीचं नाव येऊन राहिलं."