फ्योलाने कोर्टात सांगितलं ते

फ्योला आयोल्फसनने आमच्या तळ्याकाठच्या गावात वीसेक वर्षं शाळेची बस चालवली. इथे कॅनडात, मॅनिटोबाच्या हिवाळ्यात रस्ता कुठे संपला आणि शेत कुठे लागलं ते कळत नाही, तरी तिची बस यायचीच. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि तिची शेजारीण.

वसंतात तिचा नवरा गेला. ती रडली नाही, रजाही घेतली नाही. पानगळ सुरू झाली तशी तिची झोप उडाली. "पोरं हाका मारतात गं, तळ्यावरून," मला म्हणाली. मी डॉक्टरचं नाव काढलं तर हसली. "त्याला ऐकू येतात का, ते विचार आधी!"

डिसेंबरात एका रविवारी दुपारी हाका बंद व्हाव्यात म्हणून ती व्हिस्की प्यायली. हाका वाढल्या. मग पोरांना आणायला तिने आपला पिकअप ट्रक थेट तळ्यावर घातला. तळ्यावर बर्फ नुकता धरला होता, त्या पातळ थरावर गाडी अजून कुणीच नेली नव्हती. आम्ही काठावर जमलो. खालून कडकड आवाज येत होता.

पोलीस रेमी देजार्ले कमरेला दोर बांधून चालत गेला. लहानपणी तो तिच्याच बसने शाळेत जायचा. हवा इतकी शांत की शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"रेमी, दार लाव. पोरं गारठतायत."

"मिसेस आयोल्फसन, सगळी पोरं घरी पोचलीत."

"खोटं बोलतोस. शाळेतही बोलायचास."

"बोलायचो. आज नाही. चला, तुम्हीच तेवढ्या राहिल्यात."

ती उतरली. त्याचा हात धरून काठावर आली. तिथे रेमीने तिला यंत्रात फुंकायला लावलं, दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवला आणि मग तिला इस्पितळात नेलं. दोन्ही कामं करताना त्याचे डोळे भरलेले होते.

मार्चपर्यंत औषध लागू पडलं होतं. वकील म्हणाला, आजार पुढे करू, कदाचित सुटाल. कोर्टात फ्योला उभी राहिली.

"आजार माझ्या डोक्यात आपणहून शिरला, साहेब. बाटली मी उघडली. रस्त्यात कुणाचं पोर असतं तर? दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा."

न्यायाधीशांनी दोन्ही लिहून घेतलं. एवढं बळ माणसात कुठून येतं, मला आजही कळलेलं नाही. दंड झाला, परवाना गेला. बसच्या किल्ल्या तिने आपणहून परत केल्या.

आता इस्पितळात तिला मी नेते. एकदा गाडीत विचारलं, "हाका अजून येतात?"

"येतात कधीकधी."

"मग काय करतेस?"

"तुला फोन करते. दुसरं काय?"

आणि खरंच करते. काल दुपारी आला. पिठाचे हात तसेच पुसून मी गेले. तिने कॉफी ठेवली, आलुबुखाराच्या थरांचा केक कापला, आणि हाका ओसरेपर्यंत आम्ही दोघी खिडकीशी बसून राहिलो.